हिरड्या फुगल्या, पण दोष दातांचा नव्हता

गेल्या रमजाननंतर आमच्या अम्मींच्या समोरच्या दातांमधल्या हिरड्या फुगून पुढे आल्या. दुखत नव्हत्या, पण ब्रश लागला की रक्त यायचे. घरात प्रत्येकाने आपापले निदान केले. कुणी मीठ-हळद सुचवली, कुणी पेस्ट बदलली. आम्ही मात्र, शिक्षकी सवयीने, त्यांनाच विचारत राहिलो, ‘मिस्वाक नीट करता ना?’ पाच वेळा वुजू करणाऱ्या अम्मींना असे विचारल्याची आता लाज वाटते.

दंतवैद्यांनी तोंड पाहण्याआधीच विचारले, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन चालू होती. या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. मूत्रपिंड बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिननेही वाढतात. फिट्सवरच्या फेनिटॉइनबद्दल तर हे 1939 पासून माहीत आहे; ती घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना हा त्रास होतो. सुरुवात बहुधा समोरच्या दातांच्या फटीतून होते आणि दातांवर कीटण असले की वाढ जास्त होते.

हे कळताच अम्मी म्हणाल्या, "मग गोळी बंदच करते." डॉक्टरांनी तिथेच थांबवले. प्रेशरची गोळी मनाने सोडली तर जिवावर बेतू शकते, आणि फिट्सची सोडली तर झटके उसळून येतात. गोळी बदलायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. अम्मींची गोळी त्यांनी बदलली, दंतवैद्यांनी दात साफ केले. काही महिन्यांत सूज बरीच उतरली. उतरली नसती तर वाढलेला भाग कापावा लागला असता.

गरोदरपणातही हिरड्या सुजतात. बाळंतपणानंतर त्या बहुधा ओसरतात. तरी त्या काळात दातांची सफाई टाळू नये.

खरी भीती वेगळीच आहे. थोड्याच दिवसांत हिरड्या फुगल्या, आपोआप रक्त येऊ लागले, सोबत ताप, थकवा, चेहरा फिका, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग, असे असेल तर रक्ताचा कर्करोगही असू शकतो. लहान मुलांतसुद्धा. अशा वेळी आधी रक्ताची सीबीसी तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. दात काढणे किंवा हिरडी कापणे नंतर. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी असतील तर दात काढल्यावर रक्त थांबवणे कठीण जाते.

अम्मींच्या गोळ्यांची यादी आता त्यांच्या बटव्यात असते. कुठल्याही दवाखान्यात बसल्या बसल्या त्या ती आधी पुढे करतात, कुणी विचारो वा न विचारो.