ग्लिसरीन: स्वस्तातलं मॉइश्चरायझर आणि बाटलीवरची दोन अक्षरं

आजच्या एपिसोडचा विषय आहे ग्लिसरीन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवात आपल्या भाईंदरपासून करू. इथली मिठागरं सगळ्यांना माहीत आहेत. पावसाळ्यात घरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं ना? ते हवेतलं बाष्प ओढून घेतं. ग्लिसरीनही तसंच पाणी ओढतं. अशा पदार्थांना ह्युमेक्टंट म्हणतात. ग्लिसरीनच्या एका रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि पाण्याचे रेणू त्यांना धरून राहतात. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शील याने 1779 मध्ये ऑलिव्ह तेलापासून ते पहिल्यांदा वेगळं केलं. आजही तेल-चरबीपासून साबण बनवताना ते सोबत तयार होतं, म्हणून ते स्वस्त.

आता गंमत बघा. ह्युमेक्टंट पाणी दोन ठिकाणांहून घेतो: बाहेरच्या हवेतून आणि त्वचेच्या आतल्या थरांतून. मीरा-भाईंदरच्या दमट हवेत बाहेर भरपूर पाणी आहे. पण दिवसभर एसी ऑफिसात बसलात तर हवा कोरडी. तिथे नुसतं घट्ट ग्लिसरीन फासलं तर ते आतलंच पाणी वर आणतं, आणि ते उडून जातं. म्हणून उपाय सोपा:

1. आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावा.
2. नुसतं लावू नका. एक चमचा ग्लिसरीनला नऊ-दहा चमचे पाणी किंवा गुलाबपाणी पुरे. मिश्रण थोडंच करा, साठवून ठेवलं तर खराब होतं.
3. थंडीत किंवा एसीत बसायचं असेल तर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. ते झाकणाचं काम करतं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे चिकट वाटेल. तेव्हा हलकं जेल पुरतं.

मग महागड्या हायलुरोनिक ॲसिडचं काय? तोही ह्युमेक्टंटच. पण त्याचे रेणू बरेचदा खूप मोठे असल्याने ते जास्त करून वरच राहतात. ग्लिसरीनचा रेणू छोटा, आणि आपल्या त्वचेत ग्लिसरीन मुळातच असतं. त्यामुळे बजेट कमी असेल तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता महत्त्वाचा भाग. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करायला तेव्हा ग्लिसरीन तोंडावाटे देत. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतचा गलथान कारभार उघड झाला. भीती ही, की हा विषारी पदार्थही रंगहीन, घट्टसर आणि गोडसर. डोळ्यांनी किंवा चवीने फरक कळतच नाही, लॅबमध्येच कळतो.

मग आपण काय करायचं? हातापायांना थोडं लावणं आणि पोटात घेणं यात खूप फरक आहे, हे खरं. पण आपल्याकडे तोंड आलं की ग्लिसरीन लावतात, फुटलेल्या ओठांना लावतात. ते पोटात जातंच. म्हणून बाटलीवर 'आयपी' ही दोन अक्षरं बघा. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाची अधिकृत संहिता. सोबत बॅच नंबर, एक्सपायरी आणि बनवणाऱ्याचं नाव हवं. हार्डवेअर किंवा केमिकलच्या दुकानातलं सुटं ग्लिसरीन अंगाला नको, आणि लहान मुलांच्या तोंडात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

आज घरी गेलात की कपाटातली बाटली काढून लेबल एकदा वाचा. आयपी नसेल तर नवी घ्या, फार पैसे लागत नाहीत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!