सरपणांतील पाण्याची किंमत

सरपण हा विषय दिसावयास क्षुल्लक आहे. शहरांतील बहुतेक घरांत आतां गॅसची शेगडी पेटते, आणि २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून ती खेड्यांतील पुष्कळ घरांतही पोहोंचली. तथापि सिलिंडर संपला म्हणजे, न्हाणीचें पाणी तापवावयाचें असलें म्हणजे, लग्नाचा स्वयंपाक निघाला म्हणजे लांकूड लागतेंच. स्मशानांत लागतें तें निराळेंच. या व्यापारांत एक प्रश्न असा आहे कीं, तो विकणारा व घेणारा या दोघांच्याही खिशाशीं निगडित असून त्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. लांकूड वाळवून विकणें परवडतें काय, आणि परवडत असल्यास कोणत्या रीतीनें?

आपलें उदाहरण लोणी काळभोरचेंच घेऊं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें कीं हडपसरच्या पुढें हें गांव लागतें. कालव्याच्या पाण्यावर येथें ऊस व बागाईत होतें, आणि बांधांवर व ओढ्यांच्या कांठीं बाभूळ वाढते. देशावर जळाऊ लांकूड म्हणून बाभळीचा मान मोठा. तिचें लांकूड जड व कठीण, निखारा टिकाऊ. साल कातडीं कमावण्यास उपयोगी पडते आणि डिंक निराळा मिळतो. चिंच, आंबा, जांभूळ हीं झाडें मात्र १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादींत आहेत. त्यांस परवानगीवांचून कुऱ्हाड लावतां येत नाहीं.

ताज्या तोडलेल्या लांकडांत पाणी किती असतें हें झाडाच्या जातीवर अवलंबून आहे. हलक्या लांकडांत तें वजनाच्या निम्म्याहून अधिकही भरतें. हिशेबापुरतें आपण असें धरूं कीं, १०० किलो ओल्या लांकडांत ६० किलो काष्ठ व ४० किलो पाणी आहे. तें वाळवून पाण्याचा अंश शेंकडा २० वर आणला तर ६० किलो काष्ठाबरोबर १५ किलो पाणी उरतें, म्हणजे एकंदर वजन ७५ किलो होतें. पंचवीस किलो हवेंत गेले! विकणाऱ्याच्या पोटांत गोळा उठतो तो येथेंच. ओल्या मालाचा भाव किलोस ३ रुपये धरला तर त्याचे ३०० रुपये होत होते. तेच ३०० रुपये पदरांत पडण्यास वाळल्या मालास ४ रुपये भाव मिळाला पाहिजे. वाळवणारास शाबासकी नाहीं, दंडच आहे. वजनावर विक्री चालते तोंपर्यंत पाणी हें लांकडाच्याच भावानें खपतें, आणि ओला माल लवकर खपविणें हेंच शहाणपण ठरतें.

आतां घेणाऱ्याच्या बाजूनें पाहूं. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता हा एक उष्मांक मानला, तर अगदीं कोरड्या काष्ठाच्या एका किलोपासून सुमारें ४,४०० उष्मांक मिळतात. परंतु लांकडांतील प्रत्येक किलो पाणी वाफ होऊन जातांना सुमारें ६०० उष्मांक घेऊन जातें. म्हणजे आपल्या ओल्या लांकडाच्या एका किलोंत कामाचे उष्मांक २,४०० आणि वाळल्या लांकडाच्या किलोंत ३,४००. या प्रमाणांत वाळल्या लांकडाची खरी योग्यता ४ रुपये २५ पैसे होते. विकणाऱ्यास ४ रुपये हवेत, घेणाऱ्यास ४ रुपये २५ पैसे परवडतात. मधल्या पंचवीस पैशांत, म्हणजे मूळच्या १०० किलोंमागें सुमारें १९ रुपयांत, वाळविण्याचा सर्व खर्च व नफा बसला पाहिजे. धुराचा त्रास वाचतो त्याची किंमत या आंकड्यांत धरलेली नाहीं. ती धरावी असें आमचें मत आहे, कारण ओलें लांकूड नीट जळत नाहीं, धुमसतें, आणि तो धूर चुलीपुढें बसणारीच्या डोळ्यांत व छातींत जातो. घरांतील अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष मृत्यु ओढवले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु बाजार धुराची किंमत मोजीत नाहीं. म्हणून आपणही तूर्त १९ रुपयांवरच राहूं.

या १९ रुपयांच्या तराजूंत एकेक रीत घालून पाहिली म्हणजे निवाडा सोपा होतो. भट्टींत लांकूड वाळविल्यास काम थोड्या दिवसांत होतें. पण २५ किलो पाणी उडविण्यास निदान १५,००० उष्मांक लागतात, आणि भट्टीच्या भिंतींतून व धुरांड्यांतून जाणारी उष्णता जमेस धरली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यापायीं ९ ते १३ किलो चांगलें लांकूड, म्हणजे ३५ ते ५० रुपयांचा माल, जाळावा लागेल. घरासामानाच्या सागवानास हा खर्च शोभतो, सरपणास नाहीं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छपराखालीं उन्हाची उष्णता कोंडून वाळविण्याची रीत आहे. तींत जळण फुकट, परंतु छपराचा खर्च एवढ्या बारीक नफ्यांतून निघणें कठीण.

राहिलें ऊन व वारा. हीं फुकट आहेत असें म्हणतात, पण काळ फुकट नसतो. तीनशे रुपयांचा माल पांच महिने पडून राहिला तर दरसाल दर शेंकडा १२ प्रमाणें १५ रुपये व्याज चढतें, आणि १९ पैकीं ४ च उरतात. दोन महिन्यांत वाळला तर व्याज ६ रुपये. म्हणून खरी कला लौकर वाळविण्यांत आहे.

पाणी लांकडाच्या कापल्या तोंडांतून लौकर निघतें, आडव्या अंगानें फार सावकाश, आणि सालींतून जवळजवळ नाहींच. अखंड ओंडका वर्षभर उन्हांत ठेविला तरी आंतून ओला राहतो तो यामुळेंच. ओंडक्याचे हातभर लांबीचे तुकडे करून ते ताजे असतांनाच फोडावे. चुलीकरितां ते केव्हां तरी फोडावयाचेच आहेत. आधीं फोडले तर मजुरी तेवढीच पडते, आणि बाभूळ वाळून कठीण झाली कीं कुऱ्हाड उलट उसळते हा त्रासही वांचतो. प्रथमचे कांहीं आठवडे पेशींच्या पोकळींतील मोकळें पाणी जातें, तेव्हां वजन झपाट्यानें उतरतें. पुढें पेशींच्या भिंतींत मुरलेलें पाणी रेंगाळत निघतें आणि लांकूड आकसून तोंडाशीं चिरा पडतात. सुताराला त्या चिरांचें भय. सरपणवाल्यानें त्यांचें स्वागत करावें.

रास जमिनीवर रचूं नये. खालीं दगड अगर दोन बल्ल्या घालाव्या, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवीसही वाट सांपडत नाहीं. उघडी बाजू पश्चिमेच्या वाऱ्यास द्यावी. ताडपत्री फक्त माथ्यावर टाकावी. सर्व बाजूंनीं गुंडाळलेली रास म्हणजे वाफेची कोठडी. शिवाय ज्या जागेवरून गाडी भरावयाची तेथेंच रास रचावी, कारण प्रत्येक चढ-उताराची हमाली त्या १९ रुपयांतूनच जाते.

ऋतूचा विचार सर्वांत महत्त्वाचा. पुण्याकडील हवा फाल्गुनापासून वैशाखापर्यंत अतिशय कोरडी असते, आणि मृगापूर्वीं घरोघर पावसाळ्याची बेगमी होते. माघाच्या अखेरीस तोडून फोडलेलें लांकूड त्या वेळीं विकावयास तयार होतें. व्याज थोडें आणि गिऱ्हाईक दाराशीं. आषाढांत तोडणाऱ्याला यांपैकीं कांहींच लाभत नाहीं, कारण छपराखालीं ठेवलेलें लांकूडही दमट हवेंत पाणी धरून ठेवतें.

याच रस्त्यानें आणखी पूर्वेस दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें आहेत. तेथें चरकांतून निघालेलें चिपाड, ज्यांत निम्में पाणी असतें, आवारांत पसरून वाळवितात आणि मगच चुलवणांत घालतात. गुळवे हें निमूटपणें करतात, कारण चिपाड त्यांचें स्वतःचें असतें. तें कोणास वजनावर विकावयाचें नसतें. युरोप-अमेरिकेंत सरपण घनफळानें विकण्याची चाल आहे. तेथें वाळल्यानें विक्रेत्याचें फारसें जात नाहीं, कारण लांकूड थोडेंच आकसतें. आपल्याकडील मोळी व बैलगाडीभर माल हींही एका अर्थीं घनफळाचींच मापें होतीं. वखारींतील कांट्यानें तीं मागें सारलीं. कांटा प्रामाणिक खरा, परंतु काष्ठ व पाणी यांतील भेद त्याला कळत नाहीं.

तो भेद विद्यार्थ्यांस शाळेंत काढतां येईल. विकत घेतलेल्या सरपणांतील पांच-सहा निरनिराळे तुकडे घ्यावे, त्यांच्या बारीक कपच्या काढून १०० ग्रॅम तोलाव्या, आणि प्रयोगशाळेंतील भट्टींत १०३ अंशांवर वजन उतरावयाचें थांबेपर्यंत ठेवाव्या. ८० ग्रॅम उरल्या तर माल ठीक. ६० च उरल्या तर ४ रुपये भावानें घेतलेल्या शंभर किलोंपैकीं १६० रुपये पाण्याचे दिले असें समजावें. कपच्या मात्र तुकड्याच्या मधल्या भागांतून घ्याव्या. टोंकें आधीं वाळतात व तीं फसवितात.