अन्नछत्राची तपासणी : दात्याने तिचा राग का मानू नये

अन्नदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, ही श्रद्धा आपल्या व्यापारी समाजात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तापी जेथे समुद्रास मिळते त्या हजीरा परिसरात आज मोठाले कारखाने उभे आहेत आणि खानदेशापासून बिहारपर्यंतचे मजूर पोटासाठी तेथे येतात. अशा ठिकाणी अन्नछत्रास धान्य देताना, "दान आमचे, मग त्यात सरकारी तपासणीचे काय काम?" असा प्रश्न काही सभासदबंधू करतात. त्याचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे देत आहे.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने अन्नव्यवसायाची व्याख्या करताना, तो नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून अन्नछत्रासही त्याच्या व्यापानुसार नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. यामागील विचार योग्य आहे. दुकानातील गिऱ्हाईक माल पारखून घेते व न पटल्यास शेजारच्या दुकानी जाते. पंगतीस बसलेल्या भुकेल्यास ती सोय नाही. त्याच्या वतीने पारख करणारा कोणी तरी हवा.

अन्न सुरक्षा अधिकारी प्रथम कोठार पाहतो. पोती जमिनीस व भिंतीस लागून नाहीत ना, उंदीर-किडीचा उपद्रव नाही ना, जुना माल आधी व नवा नंतर वापरला जातो ना, हे तो तपासतो. पुढे पाण्याच्या तपासणीचा दाखला आणि आचारी व वाढपी यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाल्याची नोंद मागतो. गरम अन्न साठ अंशांच्या वर राखावे लागते, कारण कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात.

शंका आल्यास तो बाजारभावाने पैसे देऊन नमुना घेतो व त्याचे चार भाग मोहोरबंद करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो व त्याचा अहवाल चौदा दिवसांत अपेक्षित असतो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चालकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. उणीव आढळल्यास सुधारणेची नोटीस देऊन किमान चौदा दिवसांचा अवधी देण्याची तरतूद आहे. यात चालकाचेही रक्षण आहे.

हेळसांडीचे मोल किती भयंकर असते, हे जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामण गावी दिसले. शाळेतील भोजनाच्या तेलात कीटकनाशक मिसळलेले होते, आणि तेवीस बालके दगावली. आपल्या महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीचा प्रसाद घेतलेले शेकडो भाविक आजारी पडले, आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांस सलाईन लावावे लागले. वाढणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती, परंतु भक्तीने अन्नाचा दोष जात नाही. दमट हवेत धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष तर शिजविल्यानेही सहसा नाहीसे होत नाही. खाडीकाठच्या आपल्या गोदामांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता माझाच एक दोष कबूल करतो. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता माझ्या गोदामात तांदळाची काही पोती पडून राहिली. गिऱ्हाईक नाक मुरडी, म्हणून ती मी एका अन्नछत्रास पाठविली व वहीत धर्मादाय खाती रक्कम लिहिली. तपासणीच्या दिवशी मी योगायोगाने तेथेच होतो. अधिकाऱ्याने पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ हुंगला व माझ्यापुढे धरून विचारले, "शेठ, हा तुमच्या घरी शिजेल काय?" मला उत्तर सुचले नाही. ती पोती परत आली. दंड कोणासच झाला नाही, परंतु ती रात्र मी जागून काढली. मी दान केले नव्हते, गोदाम रिकामे केले होते.

तेव्हापासून धर्मादायाचा माल मी विक्रीच्या मालातूनच काढतो. पोत्यावर आवकेची तारीख घालतो व सोबत बिलही पाठवितो, म्हणजे माल कोठून आला हे विचारणाऱ्यास सांगता येते. पाणी गाळून घेणे, धान्य निवडून घेणे, दिवस मावळण्यापूर्वी चूल आवरणे हे वळण आपल्या घरांत लहानपणापासून आहे. तपासनीस याहून वेगळे काही मागत नाही. जी काळजी आपण आपल्या ताटाची घेतो तीच परक्याच्या पत्रावळीची घ्यावी, एवढीच सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.