बाळंतिणीची 'कंबर'

बाळ तीन महिन्यांचं झालं तरी अंथरुणात कूस बदलताना जीव जातो. सलवार घालायला एक पाय उचलला की भिंत धरावी लागते. जिना चढताना माकडहाडाच्या वर, एका बाजूला कळ उठते. घरचं निदान तयारच असतं: "सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्याचंच हे." इंजेक्शनवर हा आळ उगाच येतो. टोचलेली जागा काही दिवस दुखते. महिनोन् महिने टिकणाऱ्या दुखण्याशी तिचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही.

हे दुखणं बरेचदा कमरेचं नसतंच, तिच्याखालच्या पेल्विसचं असतं. मागे दोन सांधे, पुढे जांघांच्या मधोमध एक. पुढच्या सांध्यातली चार-पाच मिलिमीटरची फट गरोदरपणात दोन-तीन मिलिमीटरने वाढते. ती 10 मिलिमीटरच्या पुढे गेली तर सांधा उसवला म्हणायचा. तसं क्वचितच होतं. दुखणं मात्र दर पाच गरोदर बायकांपैकी साधारण एकीला होतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत थांबतं, थोड्याजणींचं रेंगाळतं.

1926 साली फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण जनावरांच्या रक्तातला द्रव गिनीपिगच्या माद्यांना टोचला, तेव्हा त्यांच्या पेल्विसचा पुढचा सांधा सैलावला. त्यातल्या संप्रेरकाला पुढे रिलॅक्सिन नाव मिळालं, आणि सगळं खापर त्याच्यावर फुटू लागलं. पण बाईच्या रक्तात ते सर्वांत जास्त असतं पहिल्या तिमाहीत, आणि बाळंतपणानंतर लवकरच ओसरतं. मग महिन्यांनंतरही दुखतं का? सांध्यांना आवळून धरणारे पोटाचे, कुल्ल्यांचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून थकलेले असतात. धडाचा भार पायांकडे नीट उतरत नाही.

हे घरीही ताडून बघता येतं. उताणं झोपून, गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलायचा. तो शिशासारखा जड वाटतो. मग कुणीतरी दोन्ही बाजूंनी कुल्ले हातांनी दाबून धरायचे आणि पाय पुन्हा उचलायचा. आता तो सहज उठला, तर दुखण्याचं मूळ बहुधा इथंच.

पेल्विसला आधार म्हणून बांधायच्या पट्ट्याचं कामही असंच चालतं. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. हा पट्टा त्याच्या बराच खाली, मांडीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो त्याच्या जरा वर यायला हवा, आणि कचकचून तर मुळीच नको. तरी पट्टा तात्पुरताच. खरा उपाय फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. सव्वा महिना नुसतं पडून राहिल्याने हे स्नायू आणखी ढिले पडतात. दुखणं थांबेपर्यंत सलवार बसून घालावी, उठताना गुडघे जुळवून कुशीवर वळावं. ताप आला, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.