तेरा मिनिटांचं नाटक, पन्नास वर्षांचं रिंगण

मागण्या दोनच होत्या: सायकली लावायला स्टँड आणि चहाचं कॅन्टीन. दिल्लीलगतच्या औद्योगिक पट्ट्यात हेरिग इंडिया नावाचा रसायनांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी एवढंच मागितलं. मालकांनी नकार दिला, संप झाला, सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार जागीच गेले. दिल्लीतल्या काही तरुण रंगकर्मींच्या कानावर ही हकीकत आली. सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांनी तिच्यावर जे नाटक लिहिलं, त्याचा प्रयोग जेमतेम तेरा मिनिटांचा होता. 1978 साली आलेलं हे 'मशीन' म्हणजे 'जन नाट्य मंच', अर्थात 'जनम', या संस्थेचं पहिलं पथनाट्य. आपल्याकडच्या राजकीय पथनाट्याचा इतिहास 'मशीन'ला वगळून लिहिता येत नाही.

पडदा नाही, नेपथ्य नाही, दिवे नाहीत. पाचसहा नट रिंगणात येतात आणि एकमेकांत अडकून उभे राहतात. कुणाचा हात चाक होतो, कुणाची कोपरं दट्ट्या होतात, तोंडानं खडखडाट आणि फुसफुस सुरू होते. बघताबघता मधोमध एक यंत्र चालू लागतं. लय धरली गेली की प्रेक्षकांच्याही माना हलतात, कारण तो आवाज त्यांच्या रोजच्या आठ तासांचा असतो. मग अचानक यंत्र बंद पडतं. सूत्रधार चक्रावतो. कधीच न थांबणारं हे यंत्र आज थांबलं कसं? यंत्राचेच भाग एकेक करून बाहेर येऊन बोलू लागतात. आधी कामगार, मग रखवालदार, मग मालक. मालकही त्याच यंत्राचा भाग, पण नफ्यापलीकडे त्याला काही दिसत नाही. सायकल स्टँड आणि चहा या दोन शब्दांवर तो जो थयथयाट करतो, त्यावर कामगारांमध्ये हशा पिकतो. पुढच्याच क्षणी गोळ्या सुटतात आणि तो हशा घशात अडकतो.

चांगल्या राजकीय प्रहसनाचं मर्म मला या उलथापालथीत दिसतं. नुसतं हसवून सोडलं तर प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. नुसतं रडवलं तर तो खचतो. आधी हसवून त्याची भीती काढायची आणि तिच्या जागी प्रश्न ठेवायचा, हे 'जनम'नं तेरा मिनिटांत साधलं.

नोव्हेंबर 1978 मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये कामगार संघटनांची अखिल भारतीय परिषद भरली होती. देशभरातून आलेल्या हजारो प्रतिनिधींपुढे 'मशीन' झालं आणि स्टेडियम उसळलं. दुसऱ्या दिवशी बोट क्लबच्या मैदानावर लाखाहून अधिक कामगारांपुढे प्रयोग झाला. कित्येकांनी तो टेप रेकॉर्डरवर उतरवून घेतला. आपापल्या गावी परतल्यावर आपापल्या भाषेत त्यांनी तो बसवला. कुणी परवानगी मागितली नाही आणि 'जनम'नं मानधन मागितलं नाही. बघता बघता हे नाटक बहुतेक भारतीय भाषांमध्ये पोचलं.

'जनम' मात्र तोवर पाच वर्षांची झाली होती. 1973 साली दिल्लीत ती उभी राहिली तेव्हा ही मंडळी रंगमंचावरची, मोठ्या संचाची नाटकं करायची. वस्त्यांत, कारखान्यांपाशी, खेड्यांत मंच बांधून प्रयोग व्हायचे. रस्त्यावर उभं राहून व्यंग करण्याचं पहिलं धाडस त्यांनी 1975 च्या जूनमध्ये केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. 'जनम'नं लगोलग 'कुर्सी, कुर्सी, कुर्सी' नावाचा छोटा फार्स रचला. एक राजा आहे. जनतेनं निवडलेल्या माणसासाठी गादी सोडायला तो उठतो, तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठते. तो चालू लागला की ती त्याच्यामागं निघते. कुणी कितीही ओढलं तरी ती सुटत नाही. बोट क्लबच्या हिरवळीवर जेवणाच्या सुट्टीत हा खेळ व्हायचा आणि डबे घेऊन बसलेले कारकून, शिपाई, चपराशी पोट धरून हसायचे. काही दिवसांतच, 25 जूनला, आणीबाणी आली आणि खेळ बंद पडला.

आणीबाणी उठली तेव्हा कामगार संघटना कंगाल झाल्या होत्या. मोठं नाटक म्हणजे मंच, ध्वनिक्षेपक, दिवे, वाहतूक. त्याचा खर्च पूर्वी उचलणाऱ्या संघटनांकडं आता पैसाच नव्हता. मोठी नाटकं परवडत नाहीत म्हणून थांबायचं, की खर्चच न येणारं नाटक शोधायचं, असा पेच होता. 'जनम'नं दुसरी वाट धरली. 'मशीन' तिथून आलं. गरजेतून सापडलेल्या या वाटेला त्यांनी कलेचा दर्जा दिला, हे त्यांचं खरं कर्तृत्व.

हा दर्जा मिळवायला कष्ट पडतात. रिंगणात चारही बाजूंना माणसं असतात, त्यामुळं कुणाकडं तरी तुमची पाठ असणारच. म्हणून नट सतत फिरता हवा, वाक्य अर्ध्यात दिशा बदलणारं हवं, शरीर पाठीकडूनही बोलणारं हवं. माइक नसतो. बाजूला रिक्षांचे भोंगे, चहाच्या टपरीवरचा रेडिओ, मधूनच शिरणारं कुत्रं किंवा एखादं पोर. या सगळ्यावर आवाज चढवायचा, पण नुसतं ओरडायचं नाही, कारण ओरडण्यातून व्यंग मरतं. काठी क्षणात बंदूक होते, क्षणात लाटणं. डोक्यावर टोपी चढली की हवालदार, उतरली की मजूर. प्रेक्षक सगळं डोळ्यांसमोर घडताना बघतो, त्यामुळं फसवणुकीला जागा उरत नाही. हे सगळं तालमीशिवाय येत नाही. रस्त्यावर करायचं म्हणून कसंही केलं तर चालतं, हा समज 'जनम'नं खोटा ठरवला.

दुसरं कौशल्य चपळाईचं. 1979 मध्ये दिल्ली परिवहन महामंडळानं बसचं भाडं वाढवलं, तेव्हा 'डीटीसी की धांधली' हे नाटक काही तासांत तयार झालं आणि थेट बसथांब्यांवर गेलं. ज्या रांगेतला माणूस वाढीव भाडं मोजणार होता, त्याच रांगेपुढं प्रयोग. वर्तमानपत्रातला अग्रलेख दुसऱ्या दिवशी येतो, खटला वर्षानुवर्षं चालतो. पथनाट्य मात्र अन्याय ताजा असताना त्याच्या दारात उभं राहतं. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं 'औरत' वेगळ्या जातीचं होतं. मुलगी, नवरी, विद्यार्थिनी, कामगार अशा बाईच्या आयुष्यातल्या पायऱ्या त्यात एकापाठोपाठ उलगडत जातात. सफदरच्या पत्नी मलयश्री हाश्मींनी ते गाजवलं आणि देशभरच्या महिला संघटनांनी आपलंसं केलं.

सफदर हे या संस्थेचं चालतंबोलतं इंजिन. 12 एप्रिल 1954 चा जन्म, सेंट स्टीफन्समधलं इंग्रजी साहित्याचं शिक्षण, गढवाल, काश्मीर आणि दिल्लीत अध्यापन, पुढं पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्ली कार्यालयात माहिती अधिकाऱ्याची नोकरी. तीही सोडून तो पूर्णवेळ नाटकाचा झाला. लहान मुलांसाठी कविता लिहिणं, चित्रं काढणं, पोस्टर रंगवणं, लेख लिहिणं हे सगळं त्याच ओघात. बंदिस्त नाट्यगृह आणि रस्ता यांचं भांडण लावणं त्याला मान्य नव्हतं. दोन्ही लोकांचंच आहे, असं तो मांडत आला. म्हणूनच 1988 मध्ये 'जनम'नं हबीब तन्वीरांना बोलावून 'मोटेराम का सत्याग्रह' रंगमंचावर केलं. मूळ कथा प्रेमचंदांची. व्हाइसरॉयच्या भेटीच्या वेळी काँग्रेसनं हरताळ पुकारलेला. तो मोडायला सरकारी गोटातली मंडळी मोटेराम नावाच्या खादाड पंडिताला उपोषणाला बसवतात. रात्र होते आणि पोटात कावळे ओरडू लागले की पंडिताच्या निश्चयाचं काय होतं, हे बघण्यासारखं आहे. धर्माचा आव आणि सत्तेची सोय यांची अशी उघडी गाठ क्वचितच कुणी दाखवली असेल.

'जनम'ची राजकीय बाजू कधीच लपलेली नव्हती. ती डाव्या चळवळीची, कामगार संघटनांच्या सोबत चालणारी संस्था. यावरून प्रचारकीपणाचा आरोप तिच्यावर नेहमी झाला. मला तो अपुरा वाटतो. बाजू घेतल्यानं नाटक वाईट होत नाही, आळसानं होतं. माणूस न ओळखता त्याचं सोंग काढलं की पुतळा तयार होतो, आणि पुतळ्याला कुणी हसत नाही. 'जनम'चे मालक, नेते, हवालदार बघून लोक हसले, कारण रोज भेटणारी ती माणसं त्यांनी बारकाईनं टिपलेली होती.

नोव्हेंबर 1988 मध्ये दिल्ली आणि परिसरातल्या कामगारांनी किमान वेतनासाठी सात दिवसांचा संप केला. त्यासाठी 'चक्का जाम' बसवलं गेलं आणि पुढं त्यातूनच 'हल्ला बोल' तयार झालं. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये, आंबेडकर पार्कात, त्याचा प्रयोग सुरू होता. गाझियाबाद पालिकेची निवडणूक होती आणि प्रयोग मार्क्सवादी पक्षाच्या उमेदवाराच्या समर्थनार्थ होता. काँग्रेसचा पाठिंबा असलेला उमेदवार मुकेश शर्मा मिरवणुकीनं तिथं आला. वाटेवरून वाद झाला आणि सळया, काठ्या, बंदुका घेऊन हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार गोळी लागून मेला. बाकीचे निसटावेत म्हणून सफदर कामगार संघटनेच्या कार्यालयाचं दार अडवून उभा राहिला. त्याला ओढून बेदम मारण्यात आलं. 2 जानेवारीच्या रात्री त्याचा मृत्यू झाला. वय होतं 34.

4 जानेवारीला मलयश्री आणि त्यांचे सहकारी झंडापूरला परतले, त्याच जागी उभे राहिले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पुरं केलं. हजारो माणसं गोळा झाली होती. पतीच्या मृत्यूला दोन दिवस झालेली बाई रिंगणात उतरते आणि लोकांना हसवायचं तिथं हसवते, हे धैर्य शब्दांत धरणं कठीण आहे. मारेकऱ्यांना जे थांबवायचं होतं ते थांबलेलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं आणि तिनं ते काम करून सांगितलं. न्याय मात्र रखडत आला. 2003 मध्ये, चौदा वर्षांनी, मुकेश शर्मा आणि इतर नऊ जण दोषी ठरले.

एका माणसाच्या बलिदानावर उभ्या राहिलेल्या संस्था पुष्कळदा त्याच्या जयंती-पुण्यतिथीपुरत्या उरतात. 'जनम'चं तसं झालं नाही. सफदरच्या हयातीत संस्थेनं दोन डझन पथनाट्यं केली होती आणि प्रयोगांची संख्या चार हजारांवर गेली होती. नंतरही नवी नाटकं येत राहिली. 2002 च्या गुजरात हिंसाचारानंतर त्यांनी 'ये दिल माँगे मोर, गुरुजी' केलं. शीतपेयाच्या जाहिरातीतली घोषणा उचलून द्वेषाच्या बाजारावर मारलेला तो फटका होता. मोठे देणगीदार टाळून, प्रयोगानंतर चादर फिरवून जमलेल्या पैशांवर आणि हितचिंतकांच्या वर्गणीवर चालायचं, हे धोरण टिकलं. 2012 मध्ये पश्चिम दिल्लीतल्या शादी खामपूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत 'स्टुडिओ सफदर' उघडला. शेजारी 'मे डे' हे पुस्तकांचं दुकान. सफदरचा जन्मदिवस, 12 एप्रिल, देशभर पथनाट्य दिन म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकाला या संस्थेशी घरचा धागा आहे. 1987 पासून 'जनम'मध्ये नट आणि दिग्दर्शक म्हणून काम करणारे सुधन्वा देशपांडे हे गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. सफदरचं जगणं आणि जाणं यांवरचं त्यांचं 'हल्ला बोल' हे पुस्तक 2020 मध्ये आलं. गोपुंनी महात्मा फुल्यांवर लिहिलेलं 'सत्यशोधक' हे नाटक पहिल्यांदा 1992 मध्ये 'जनम'नंच हिंदीत उभं केलं. पुढं 2012 मध्ये अतुल पेठे यांनी ते मराठीत केलं, तेव्हा त्यात पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार नट होते. फुल्यांचा विचार दिल्लीच्या कामगार रंगभूमीवरून पुन्हा पुण्याच्या कामगारांपर्यंत पोचला.

मुळात हा वारसा आपला आहे. सत्यशोधकी जलशांनी भटशाहीची सोंगं गावोगाव उघडी केली. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा वस्त्यावस्त्यांत नेला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं गिरणगावात वगनाट्याला राजकीय धार दिली. बतावणीतला सोंगाड्या राजालाही सुनावतो, ही सवय मराठी प्रेक्षकाच्या हाडीमाशी आहे.

आज आपल्याकडं पथनाट्य भरपूर होतं. स्वच्छता, मतदान, पाणी वाचवा, हेल्मेट घाला, असे विषय घेऊन महाविद्यालयांचे संघ स्पर्धांत उतरतात, सरकारी योजनांचा प्रचारही पथनाट्यानं होतो. हे विषय वाईट नाहीत. पण या नाटकांत उपदेश नेहमी खालच्या माणसाला असतो: तू कचरा टाकू नकोस, तू पाणी सांडू नकोस. कचरागाडी वस्तीत का येत नाही आणि पाणी कुणाच्या टाकीत जातं, हे विचारलं जात नाही. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याचं सोंग रिंगणात येत नाही, तोवर त्याला पथनाट्य म्हणायला माझं मन धजत नाही.

म्हणून स्पर्धेची तयारी करणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. 'मशीन' मिळवा, वाचा, तुमच्या बोलीत बसवा. तुमच्या गावातल्या बंद गिरणीची, ठेकेदाराकडं राबणाऱ्या आईची, भरती रखडलेल्या भावाची माहिती काढा आणि तिच्यावर तेरा मिनिटांचं नाटक लिहा. तालीम चोख करा, कारण कच्चं व्यंग सत्तेलाच सोयीचं असतं. आणि आपण प्रेक्षकांनी, चौकात डफ वाजला तर घाईतही थांबावं, पोलिसांनी हटकलं तरी रिंगण मोडू देऊ नये आणि चादर समोर आली की हात खिशात घालावा. ही रंगभूमी दुसऱ्या कुणाच्या पैशावर जगलेली नाही आणि जगणारही नाही.