रेषेतली फिर्याद

१८७४ साली कोलकात्यात नगरपालिकेने बांधलेला नवा बाजार नुकताच उघडला होता. गोऱ्या मंडळींना देशी बाजारातल्या गर्दीत जायला नको, म्हणून त्यांच्या सोयीसाठी करदात्यांचा पैसा उधळला, अशी बंगाली लोकांत कुजबुज होती. नगरपालिकेचे अध्यक्ष स्टुअर्ट हॉग हेच शहराचे पोलिस आयुक्त. मग गाऱ्हाणे न्यायचे कुणाकडे? प्राणनाथ दत्त यांच्या ‘बसंतक’ या बंगाली विनोदी मासिकाने ते आपल्या पानावर घेतले. त्यात हॉगसाहेब चक्क वराहावतारात प्रकट झाले. ‘हॉग’ म्हणजे डुक्कर, हे इंग्रजी जाणणाऱ्याला लगेच उमगले. न जाणणाऱ्यालाही चित्र पाहून कळायचे ते कळले.

सरकारी दप्तरात अशा बाजाराचे ठराव सापडतात, खर्चाचे आकडे सापडतात. ज्यांच्या खिशातून तो खर्च झाला त्यांना काय वाटले, यासाठी मात्र तिथे रकाना नसतो. इंग्रजी अमदानीतले साधे जगणे, म्हणजे कर, कचेरी, साहेबाचा तोरा आणि आपल्याच माणसांची लाचारी, हे सारे व्यंगचित्रांत दाटीवाटीने भरलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासात त्यांना शोभेच्या चित्रांची जागा देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ही कला आली मात्र राज्यकर्त्यांबरोबर. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ साप्ताहिक सुरू झाले आणि साम्राज्याकडे कसे पाहायचे, हे त्यातली चित्रे इंग्रज वाचकाला शिकवू लागली. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकातले जॉन टेनिएल यांचे चित्र प्रसिद्ध आहे. एक गोरी स्त्री आणि तिचे मूल जमिनीवर पडले आहे, त्यांच्यावर बंगालचा वाघ आहे आणि त्या वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेतो आहे. तीनच आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, टेनिएल यांनी ‘न्याय’ काढला. न्यायदेवता तलवार उगारून शिपायांवर तुटून पडली आहे आणि मागे हिंदी बायका-मुले भेदरून उभी आहेत. चित्रकाराला ती दिसत होती, तरीही त्याने चित्राला नाव न्यायाचेच दिले. १८५७ चा उठाव दडपताना झालेल्या कत्तलींकडे इंग्लंडमधला सुशिक्षित समाज कोणत्या मनाने पाहत होता, हे त्या एका पानावर लख्ख दिसते.

‘पंच’चा हा साचा हिंदी लोकांनी उचलला आणि राज्यकर्त्यांवरच उलटवला. मुंबईत पारशी मंडळींनी १८५४ मध्येच ‘पारसी पंच’ काढला होता. पुढे त्याचाच ‘हिंदी पंच’ झाला. लखनौमध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ साली ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले आणि अकबर इलाहाबादींसारखा कवी त्यात लिहू लागला. बरजोरजी नवरोजी यांच्या हाताखाली ‘हिंदी पंच’ने काँग्रेसची अधिवेशने, व्हाइसरॉयांचे दौरे, मुंबईचे नागरी प्रश्न असे सारे चितारले. गुजराती आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मजकूर असल्याने तो गिरगावातल्या पेढीवर जसा वाचला जाई, तसा साहेबाच्या क्लबातही पोचू शके. १९०३ मध्ये नवरोजींनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीवरच्या व्यंगचित्रांचे एक पुस्तकच काढले. ज्याच्या शब्दावर देश हलत होता, त्या माणसाची कारकीर्द मुंबईच्या एका छापखान्याने चित्रांतून मांडून विकायला ठेवली.

याला हिंमत लागत होती. भारतीय दंडविधानातल्या राजद्रोहाच्या कलम १२४अ मध्ये बोललेल्या नि लिहिलेल्या शब्दांबरोबर डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रणाचाही उल्लेख होता, म्हणजे चित्रकारही कायद्याच्या कक्षेत होताच. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा आणला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी राहिली. मद्रासला कवी सुब्रह्मण्य भारती ‘इंडिया’ या तमिळ साप्ताहिकात राजकीय व्यंगचित्रे छापत होते. १९०८ मध्ये धरपकड सुरू झाली तेव्हा त्यांनी फ्रेंचांच्या पुदुच्चेरीचा आसरा घेतला आणि पत्र तिथून निघू लागले. सरकारने ते ब्रिटिश हद्दीत येऊ देणे बंद केले आणि १९१० मध्ये ते थांबले. त्याच १९०८ साली टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली होती. अशा काळात प्रत्येक रेघ जोखूनच ओढावी लागे.

पुराणकथा इथे कामी आल्या. वराह, काली, द्रौपदी ही प्रतिमांची भाषा घराघरांत माहीत होती. १९०१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते. अशा देशात अग्रलेखाची धाव तोकडी पडायची, तिथे चित्र पुढे जायचे.

चित्र वाचायलाही शिकावे लागते, हे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ओळखले होते. ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ते इंग्रजी पत्रांतली व्यंगचित्रे घेत आणि गुजराती वाचकाला ती उलगडून सांगत. १९०८ च्या सुमारास जोहान्सबर्गच्या पत्रात एक चित्र आले. ट्रान्सव्हालचे मंत्री जनरल स्मट्स वाफेवर चालणारा रस्त्याचा रूळ घेऊन एका हत्तीवर चालून जात आहेत आणि हत्ती जागचा हलत नाही. उलट ‘गुदगुल्या पुरे’ अशा अर्थाचे काही सुनावतो. हत्ती म्हणजे सत्याग्रह करणारे हिंदी लोक. परक्याने काढलेल्या या चित्रात, तुरुंगात जाणाऱ्या व्यापाऱ्या-फेरीवाल्यांना आपली ताकद दिसली असेल.

इंग्रजांवर आसूड ओढणे तुलनेने सोपे होते. स्वतःच्या समाजाकडे त्याच नजरेने पाहणारे चित्रकार थोडे होते, आणि त्यांत गगनेंद्रनाथ टागोर अग्रभागी आहेत. कोलकात्यातल्या जोडासाँकोच्या वाड्यात त्यांनी शिळाप्रेस बसवून घेतला. १९१७ मध्ये ‘विरूप वज्र’ आणि ‘अद्भुत लोक’, तर १९२१ मध्ये ‘नव हुल्लोड’ असे त्यांच्या व्यंगचित्रांचे संच निघाले. जालियनवाला बागेनंतरच्या पंजाबातल्या ‘शांतते’वर त्यांनी जळजळीत चित्र काढले. पण विलायती कपड्यांत अवघडलेला बाबू, विद्यार्थ्यांना एका साच्यातून काढणारा विद्येचा कारखाना, जातिभेदाच्या जात्यात भरडली जाणारी माणसे आणि वर बसलेला ब्राह्मण, हे सारेही त्यांच्याच हातचे. परकी सत्ता आणि घरची सत्ता एकाच कागदावर तपासणारा असा चित्रकार त्या पिढीत दुसरा शोधावा लागेल.

त्या काळात डोकावायच्या व्यंगचित्रांच्या या खिडकीलाही चौकट होती. कुंचला बहुतेक वेळा शहरातल्या शिकलेल्या पुरुषाच्या हाती होता. कोलकात्यात कालीघाट मंदिराच्या परिसरात यात्रेकरूंना विकल्या जाणाऱ्या पटांत एक विषय पुन्हापुन्हा येतो: बाईने दोरीला बांधून नेलेला मेंढा, आणि त्याला तोंड मात्र पुरुषाचे. नव्या काळातली स्त्री पुरुषाला ताब्यात घेईल, ही भीती तिथे हसण्याच्या रूपात उभी आहे. या चित्रांत त्या बाईचे स्वतःचे म्हणणे कुठेच ऐकू येत नाही. शेतकरी नि मजूरही दिसतात ते बाहेरून पाहिलेले.

मराठीत व्यंगचित्रांची परंपरा शं. वा. किर्लोस्कर यांनी घराघरांत नेली. १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’च्या या संपादकाने स्वतः कुंचला हाती घेऊन अंधश्रद्धा, जातिभेद आणि बायकांवरचे जाच यांवर चित्रे काढली. ‘टाकांच्या फेकी’ हा त्यांचा संग्रह त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाची खरी ओळख करून देतो. १९३२ पासून दिल्लीच्या ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये व्यंगचित्रकार शंकर रोजच्या राजकारणावर चित्रे काढू लागले. १९३९ मध्ये जिनांवरचे त्यांचे एक चित्र गांधीजींना खटकले, तेव्हा त्यांनी ते अभिरुचीला सोडून असल्याचे शंकर यांना पत्रानेच कळवले. व्यंगचित्राने कुठवर जावे, याची ही चर्चा स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाली होती.

आज या चित्रांतले निम्मे विनोद प्रसंग ठाऊक नसल्यामुळे निसटतात. ‘हिंदी पंच’च्या मंडळींना ही अडचण तेव्हाच कळली होती, कर्झनवरच्या पुस्तकात त्यांनी चित्रांबरोबर खुलासेवार मजकूरही दिला. मराठी ग्रंथालयांतल्या जुन्या नियतकालिकांचे अंक आता संगणकावर येत आहेत. त्यातल्या व्यंगचित्रांची तारीख, प्रसंग आणि माणसांच्या ओळखीसह स्वतंत्र सूची केली, तर शाळेतल्या शिक्षकाला १९०५ ची बंगालची फाळणी किंवा १९१९ चा पंजाब शिकवताना त्या काळच्या माणसांच्या हातचा पुरावा मुलांसमोर ठेवता येईल.