आभासी गोल्फमधील साधन व कौशल्य

प्रत्यक्ष गोल्फमध्ये काठ्या चौदाहून अधिक असू नयेत, असा दंडक आहे. २०१७ साली निघालेल्या ‘गोल्फ क्लॅश’ या मोबाइलवरील खेळात मात्र पत्ते साठवून काठीची पातळी वाढविता येते, आणि पैसे मोजणाऱ्यास ते पत्ते लवकर मिळतात. बलवान काठीचा चेंडू दूर जातो, हे उघडच आहे. परंतु अचूकता वाढली की लक्ष्याची वर्तुळे आखडतात. साहजिकच एका वर्तुळामागे वाऱ्याचा वेग किती धरावयाचा, हे गणित प्रत्येक पातळीस नव्याने बसवावे लागते. शिवाय सुई नेमकी मध्यावर असता बोट उचलणे खेळाडूकडेच राहते. तेव्हा साधन कौशल्यास निरर्थक करते, हे म्हणणे उतावीळपणाचे होय. खरी अडचण मापनाची आहे : काठ्या असमान असता जिंकलेल्या सामन्यात खेळाडूचा वाटा किती, हे निकालावरून ठरविता येत नाही.